यांत्रिक करवतीच्या कार्ब्युरेटरची घरगुती दुरुस्ती

हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील आजरा तालुक्यात पाऊस मुसळधार पडतो. संकेश्वर-बांदा मार्गावर झाड आडवे झाले की एस.टी. आणि रुग्णवाहिका दोन्ही अडतात. अशा वेळी गावातील यांत्रिक करवत सुरू न झाल्यास दोष पुष्कळदा कार्ब्युरेटरचा असतो.

करवत आडवी-तिरपी धरावी लागते. म्हणून तिच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा नसून दोन पातळ पडदे असतात. एक पडदा इंधन ओढतो, दुसरा सुईची झडप उघडून ते बेताने सोडतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ओलावा शोषते. महिनोन्महिने साठलेल्या इंधनाने पडदे ताठरतात, जाळी तुंबते.

दुरुस्ती मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावी. प्रथम स्पार्क प्लगची वायर काढावी, टाकी रिकामी करावी. मिश्रणाचे स्क्रू किती फेऱ्यांवर आहेत, हे लिहून ठेवावे. पडदे व गास्केट ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने नवे बसवावेत. जाळी व छिद्रे कार्ब्युरेटर क्लीनरने धुवावीत. छिद्रांत तार घालू नये. सुईवरील तरफेची उंची माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावी. इंधन कमी पडल्यास मिश्रणातील तेलही कमी पोहोचते व पिस्टन खरवडतो.

पावसाळा संपताच टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे. मृगापूर्वी एकदा करवत चालवून पाहण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने एका व्यक्तीकडे सोपवल्यास ऐनवेळी रस्ता अडून राहणार नाही.