बरं वाटतंय, म्हणूनच तपासा
आतड्यांचे आजार : लेखांक ६

क्रोन्सच्या रुग्णाचे आतडे कधी आणि का कापावे लागते, ते मागच्या लेखात पाहिले. आज त्यापुढचा टप्पा, ज्याकडे माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अरुंद झालेला भाग निघतो, कळा थांबतात, अंगावर मांस चढते. डोंबिवलीहून ठाण्याकडे निघताना ‘वाटेत लागली तर?’ ही धास्ती उरत नाही. लोकलच्या डब्यात शौचालय नसते. या धास्तीपायी वर्षानुवर्षे सकाळचा चहाही न घेता घराबाहेर पडलेल्या माणसाला ही सुटका केवढी मोठी वाटते! मग डॉक्टरांच्या फेऱ्या कमी होतात, गोळ्या संपल्या की नव्या आणल्या जात नाहीत. आणि नेमका याच काळात आजार गुपचूप परतत असतो.

बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या पॉल रुटगर्ट्स यांनी १९९० साली हे दाखवून दिले. ऑपरेशननंतर वर्षभराच्या आत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांच्या आतड्यात, कापलेली टोके जिथे शिवली त्या जोडाच्या अगदी वरच्या बाजूला, नवे व्रण दिसले. त्रास मात्र जेमतेम पाचव्या हिश्श्याला होत होता. तोंड आल्यावर जिभेवर उठतात तसे हे पांढुरके, बारीक व्रण असतात. पाचाहून कमी असले तर फारशी चिंता नसते. पसरले, खोल गेले, की पुन्हा आतडे अरुंद होण्याची वाट मोकळी होते. त्याच गटाने १९९१ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: मळाचा प्रवाह पोटावर केलेल्या कृत्रिम तोंडातून बाहेर वळवला असेल, तोवर जोडाजवळ व्रण उठत नाहीत, प्रवाह पुन्हा सुरू झाला की उठतात.

म्हणूनच सहाव्या महिन्याच्या आसपास दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करायची. ‘काही होत नाही, मग कशाला?’ हा घरच्यांचा प्रश्न स्वाभाविक आहे. आदल्या रात्री ते खारट औषध तांब्याने प्यायचे आणि शौचालय गाठत राहायचे, कोणाला आवडेल? पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहाव्या महिन्यात आत पाहून, गरज तिथे औषध वाढवलेल्या गटात दीड वर्षाने ४९ टक्क्यांमध्ये आजार परतलेला दिसला; न पाहिलेल्या गटात ६७ टक्क्यांमध्ये. मधल्या काळात शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी उपयोगी पडते. तिला जुलाबाचे औषध लागत नाही.

काहींना मात्र सहा महिने थांबणे परवडत नाही. बिडी-सिगारेट ओढणारे, दुसऱ्यांदा ऑपरेशन झालेले, आतड्याला भोक किंवा भगेंद्र झालेले, अशांना औषध लवकर सुरू करतात. यातला धूर तेवढा आपल्या हातातला. तो आजार परतण्याची शक्यता साधारण दुप्पट करतो, म्हणून स्टेशनबाहेरच्या टपरीवरची ‘एकच’ सिगारेटही सोडा. अमुक पथ्याने आजार परतत नाही, असे अजून सिद्ध झालेले नाही. त्यामुळे उगाच घरातले जेवण तोडू नका.

या औषधांपैकी ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू झाली की रक्ततपासणी चुकवू नका. आपल्याकडे काहींमध्ये एनयूडीटी१५ या जनुकात असा बदल असतो की पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, केस गळतात. ॲडालिमुमॅबसारखे इंजेक्शन देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी होते, कारण दबलेला टीबी या औषधाने उसळू शकतो. या इंजेक्शनची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती अहमदाबादच्या झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये आणली; तरी खर्च जाणवतोच. ते २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. ठाण्याहून कल्याणला नेताना थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची थैली ठेवा, पण इंजेक्शन तिला टेकू देऊ नका. गोठले, तर वाया गेले.

आता एक उलटी बाजू. ऑपरेशननंतर पातळ शौचाला होते म्हणजे आजार परतलाच, असे नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेल्यावर पित्तक्षार शोषले जात नाहीत, ते मोठ्या आतड्यात उतरून जुलाब करतात. त्यासाठी कोलेस्टायरामिनची पूड असते. बी-१२ सुद्धा त्याच भागात शोषले जाते. शाकाहारी घरात ते आधीच कमी, त्यात हा भाग गेलेला. गोळ्यांवर विसंबू नका, इंजेक्शनबद्दल विचारा. सांधेदुखीला मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणण्यापूर्वीही डॉक्टरांना विचाराच.

आणि डिस्चार्जच्या कागदावर किती सेंटिमीटर आतडे काढले, जोड कुठे घातला, बायोप्सीत काय आले, हे लिहून घ्या. डॉक्टर कळव्याचे असोत की परळचे, पहिला प्रश्न तोच विचारतील.