डेंग्यूचा भुर्दंड

भारतात डेंग्यूवर दरवर्षी किती पैसा जातो, याचा एक सविस्तर अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाचे डोनाल्ड शेपर्ड आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तो मांडला होता. २००६ ते २०१२ या काळात सरकारदरबारी वर्षाला सरासरी २०,४७४ रुग्णांची नोंद होत होती. प्रत्यक्षात डॉक्टरांकडे पोहोचणारे डेंग्यूचे रुग्ण वर्षाला सुमारे ५८ लाख, म्हणजे नोंदीच्या २८२ पट असावेत, असे या अभ्यासातून पुढे आले.

एवढी तफावत कशामुळे? सरकारी आकड्यात प्रामुख्याने प्रयोगशाळेत एलायझा चाचणीने निश्चित झालेले रुग्ण धरले जातात. खासगी दवाखान्यात झटपट किटवर निदान झालेले बहुतेक रुग्ण त्यात येत नाहीत. ‘व्हायरल आहे’ म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलेल्या माणसाची तर तपासणीच होत नाही. नोंदीच्या आधारे औषधे, खाटा आणि निधी यांची आखणी करायची, तर ती सुरुवातीपासूनच तोकडी पडणार.

त्याच अभ्यासानुसार केवळ उपचारांचा खर्च वर्षाला ५४ कोटी ८० लाख डॉलर होता. रुग्णालयात दाखल होणारे रुग्ण एक तृतीयांशच, पण ८२ टक्के खर्च त्यांच्यावर झाला. एकूण खर्चापैकी ८० टक्के रक्कम खासगी आरोग्यसेवेकडे गेली. प्रवास, बुडालेली मजुरी, अकाली मृत्यू हे सारे धरले की आकडा १११ कोटी डॉलरवर जातो.

दाखल रुग्णाचा खर्च वाढण्याचे कारण या आजाराच्या स्वभावात आहे. डेंग्यूच्या विषाणूवर खास औषध नाही. तापासाठी पॅरासिटामॉल, शरीरातले पाणी कमी होऊ नये म्हणून सलाइन किंवा तोंडावाटे द्रवपदार्थ आणि सतत देखरेख, हेच उपचार. खरा धोका बहुधा ताप उतरताना सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून गंभीर लक्षणे असलेल्या रुग्णाला घरी सोडता येत नाही. खाटेचे भाडे आणि रोजच्या रक्ततपासण्या चालूच राहतात. त्यात नातेवाइकांचा सगळा जीव प्लेटलेट्सच्या आकड्यात अडकलेला असतो. दीड लाखाच्या वर असायला हव्यात त्या पन्नास हजारांवर आल्या की रक्तपेढ्यांकडे धावाधाव सुरू होते. वास्तविक रक्तस्राव नसेल, तर एवढ्या आकड्याला प्लेटलेट्स चढवण्याची सहसा गरज नसते. भीतीपोटी झालेला हा खर्च टाळता येण्याजोगा आहे आणि तो टाळण्यासाठी रुग्णाच्या घरच्यांशी कुणीतरी शांतपणे बोलायला हवे.

बिल भागले तरी नुकसान थांबत नाही. ताप गेल्यावरही अंगात त्राण नसते, अशक्तपणा कित्येक आठवडे टिकू शकतो. रोजंदारीवर जाणाऱ्याचे खाडे पडतात. मूल आजारी असेल, तर आईबापांपैकी एकाची कमाई बुडते. महाराष्ट्रात साथीचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर असतो. म्हणजे भातकापणी आणि दिवाळीच्या खर्चाच्या सुमारासच उसनवारी करण्याची पाळी येते.

या खर्चाचे मूळ साठवलेल्या पाण्यात आहे. एडिस इजिप्ती हा डास पिंप, रांजण, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, टाकून दिलेला टायर अशा ठिकाणच्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळला की ही साखळी तुटते. मात्र अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने तग धरतात, म्हणून भांडे नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासावे लागते. धूर फवारणी उडत्या डासांपुरती. पिंपातल्या अळ्या तिने मरत नाहीत. ज्या वस्तीत नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येते, तिथे पिंप रिकामे करा असे सांगणे व्यर्थ आहे. तिथे घट्ट झाकणे पुरवणे आणि रोज पाणी देणे, हाच डेंग्यूवरचा सर्वांत उपयोगी सरकारी खर्च ठरेल.