काळजी की पहारा?

“कुठं होतीस? कुणाबरोबर?” हे सहज विचारले तर काळजी, रोज, पुरावा मागून विचारले तर तो पहाराच. आपला सिनेमा दोहोंनाही प्रेम म्हणत आला, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाचे शहर आहे. घरात छळ सोसलेल्या स्त्रियांना बोलते करून तेथील कार्यकर्त्यांनी १९८४ साली एक चाक रेखाटले. मध्यभागी शब्द आहेत ‘सत्ता आणि नियंत्रण’. मारहाण आहे ती बाहेरच्या धावेवर. आतले आरे हात न उगारताही चालणाऱ्या गोष्टींचे: मैत्रिणींपासून तोडणे, पैसा ताब्यात ठेवणे, अपमान करणे, “सोडलेस तर जीव देईन” अशी धमकी, आणि वर सारा दोष तिच्याच माथी. सुटा आरा क्षुल्लक वाटतो. “एवढं काय त्यात!” असे मैत्रिणीही म्हणतात. चाक पाहिले म्हणजे तो कशाला जोडलेला आहे ते कळते.

भांडण होते म्हणून नाते वाईट ठरत नाही. पाहायचे ते इतकेच, की “नाही” म्हटल्यावर पुढे काय होते. निकोप नात्यात रुसवा होतो, बोलणे होते, आणि ते “नाही” मानले जाते. नासलेल्या नात्यात त्याची किंमत वसूल होते. कधी अबोल्याने, कधी छायाचित्रे घरी दाखवण्याच्या धाकाने. मुलगेही या फेऱ्यात सापडतात, फक्त बोलत नाहीत.

जीव देण्याची धमकी मिळाल्यास ते ओझे एकट्याने वाहू नये. धमकी देणाऱ्याच्या घरी आणि आपल्या विश्वासातील प्राध्यापकांना त्याच दिवशी सांगावे.