‘मिलिन्द’ : एका ग्रीक नावाचे पालि रूप

मराठवाड्यातील बौद्ध कुटुंबांत ‘मिलिंद’ हे नाव आवडीने ठेवले जाते. हिंगोलीच्या धम्मवर्गात त्याचा अर्थ विचारला असता ‘भुंगा’ असे उत्तर मिळाले. संस्कृत कोशात तो अर्थ आहे. परंतु आपल्या परंपरेतील मिलिन्दाशी त्याचा संबंध नाही. हे नाव मुळात ग्रीक आहे.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणाऱ्या ग्रीक राजाचे नाव ‘मेनान्द्रोस’. त्यातील ‘ओस’ हा ग्रीक भाषेतील पुल्लिंगी प्रथमा एकवचनाचा प्रत्यय होय. राजाच्या द्वैभाषिक नाण्यांवर एका बाजूस ग्रीक षष्ठीचे ‘मेनान्द्रू’ हे रूप, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असा लेख आढळतो. म्हणजे परकी प्रत्यय गळून प्राकृत षष्ठीचा ‘स’ लागला. शिनकोट येथील धातुकरंडकावर ‘मिनेद्रस’ असे रूप आहे. तेथे ‘मे’चा ‘मि’ झालेला दिसतो. पुढे पालीत ‘न्द्र’चा ‘न्द’ झाला आणि लागोपाठच्या अनुनासिकांपैकी एकाच्या जागी ‘ल’ आला. ‘इन्द’ या परिचित शब्दाच्या साम्याचाही त्यावर प्रभाव पडला असावा.

पालीत आल्यावर हे नाव अकारान्त पुल्लिंगी ‘बुद्ध’ शब्दाप्रमाणेच चालते : मिलिन्दो, मिलिन्दं, मिलिन्देन, मिलिन्दस्स. सरणगमनात आपण ‘बुद्धं’ म्हणतो, ती द्वितीया विभक्ती. ‘मिलिन्दं’ हे रूपही तसेच. ‘मिलिन्दपञ्हो’ हा षष्ठी तत्पुरुष समास असून त्याचा अर्थ ‘मिलिन्दाचा प्रश्न’ असा होतो. परदेशी नावासाठी पालि व्याकरणाने वेगळी पंगत मांडली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बाबासाहेबांनी 1950 साली तत्कालीन औरंगाबाद येथे स्थापिलेल्या महाविद्यालयास याच राजाचे नाव लाभले, तर परिसर ‘नागसेनवन’ झाला. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा अशी ती जोडी आहे. विद्येच्या स्थानी प्रश्नकर्त्याचे नाव असणे अर्थपूर्ण आहे.

या ग्रंथातील संवादाचा आरंभही नावापासूनच होतो. ‘नागसेन’ ही केवळ व्यवहारापुरती संज्ञा आहे, तिच्यामागे नित्य आत्मा सापडत नाही, असे भन्ते रथाच्या दृष्टान्ताने पटवून देतात. म्हणून ज्या घरात मिलिंद आहे, तेथे नावाचा अभिमान जरूर असावा; मात्र त्या नावाला शोभेल अशी प्रश्न विचारण्याची सवयही मुलास लावावी.