काट्यासाठी ओळखीचे वजन

पेठ वडगाव हे नावच बाजाराचे. तेव्हा येथील श्रोत्यांना काट्याची महती सांगायला नको. काट्याविषयी शंका आली की आपण तो उघडून पाहत नाही. शिक्क्याचे वीस किलोचे वजन ठेवतो आणि काटा वीस दाखवतो की नाही, एवढेच पाहतो. संगणकाच्या प्रोग्रॅममधील एकेका लहान तुकड्याला असे ओळखीचे वजन लावून पाहणे, यास 'युनिट टेस्ट' म्हणतात. टेस्ट हाही एक छोटा प्रोग्रॅमच असतो. तो त्या तुकड्याला ठरलेले आकडे देतो आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडतो. १९९७ साली केंट बेक व एरिख गामा यांनी जावा भाषेसाठी 'जेयुनिट' हे साधन लिहिले, आणि पुढे हा परिपाठ फार पसरला.

ऊसबिलाचेच उदाहरण घेऊ. भरलेली गाडी १८,४०० किलो, रिकामी ७,१५०. निव्वळ ऊस ११,२५० किलो. हिशेबाच्या सोयीसाठी टनाला ३,००० रुपये धरले, तर बिल ३३,७५० रुपये होते.

असा प्रोग्रॅम आम्ही एकदा लिहिला आणि फसलो. किलोंचे टन करण्यासाठी हजाराने भागले. पण जावात पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की बाकी टाकून दिली जाते. वरच्या गाडीचे अकराच टन होतात, आणि अडीचशे किलो उसाचे ७५० रुपये शेतकऱ्याच्या पदरातून जातात. टेस्ट नव्हती असे नाही. पण तिच्यातले अपेक्षित उत्तर आम्ही कागदावर काढले नव्हते, प्रोग्रॅममधलेच सूत्र उचलून तेथे ठेवले होते. दोन्हीकडे सारखेच चुकीचे उत्तर आले आणि आम्ही निर्धास्त झालो! खोट्या काट्यावर तोललेल्या दगडाने तोच काटा तपासावा, तशातली गत. चूक पकडली ती पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने गुणाकार करणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याने.

तेव्हापासून आम्ही टेस्टमध्ये सूत्र लिहीत नाही. हाताने काढलेला ३३,७५० हा आकडाच लिहितो. जर-तरची गुंतागुंतही तेथे नको, नाहीतर टेस्ट तपासायला दुसरी टेस्ट लागायची. आकडेही जरा अडचणीचे घ्यावेत. बरोब्बर १०,००० किलो घेतले असते, तर आमची चूक जन्मात सापडली नसती.

आणखी एक. रिकामी गाडी भरलेलीपेक्षा जड नोंदली गेली, तर काय करायचे? आमच्या मते नोंद नाकारावी. पण ही टेस्ट वेगळी लिहावी, आणि नावही 'रिकामी गाडी जड असल्यास नोंद नाकारावी' असे सरळ द्यावे. ऐन गळीत हंगामात रात्री दोन वाजता दुरुस्तीला बसलेल्या माणसाला 'टेस्ट ७ फसली' एवढ्यावरून काय उमगणार?