वेगळी चूल आणि सामाईक विहीर

श्रोतेहो, गावात दोन भाऊ वेगळे निघायचे म्हणतात तेव्हा काय होते ते तुम्ही पाहिले आहे. पारावर एकच प्रश्न ऐकू येतो, "निघावे की निघू नये?" कोणी म्हणतो, एकत्र घराची पत मोठी. कोणी म्हणतो, रोजच्या कटकटीपेक्षा वेगळी चूल बरी. परंतु पंच बसले की खरा घोळ पुढेच असतो. विहीर एक आहे, तिच्या पाण्याची पाळी कशी लावायची? सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावावर राहील? बांधावरचे आंब्याचे झाड कोणाचे? आणि ज्याची झोपडी नेमकी त्या बांधावर आहे, त्या सालदाराने कोणाकडे पाहायचे?

म्हणजे प्रश्न तीन झाले. निघायचे का, हा पहिला. कोणत्या अटींवर निघायचे, हा दुसरा. जो सांध्यावर राहतो त्याचे काय, हा तिसरा. राज्ये आणि देश वेगळे होतात तेव्हाही हेच तीन प्रश्न असतात. फरक इतकाच की पहिल्या प्रश्नावर लाखो माणसे भांडतात, दुसऱ्यावर थोडी बोलतात, आणि तिसरा ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. आपल्या खानदेशाने हे सारे जवळून पाहिलेले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. एका बाजूला कच्छ, सौराष्ट्र आणि गुजरात. दुसऱ्या बाजूला पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, हैदराबाद संस्थानातून आलेला मराठवाडा आणि मध्य प्रदेशातून आलेला विदर्भ. मध्यावर मुंबई शहर. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे आपले दोन्ही जिल्हे त्या राज्यात होते, आणि गुजरातची शीव पश्चिम खानदेशाला लागूनच होती.

हे राज्य कसे झाले? काँग्रेसने १९२० साली नागपूरला भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या करण्याचे तत्त्व मान्य केले होते. स्वातंत्र्य आले, त्याबरोबर फाळणीही आली, आणि देशाचे आणखी तुकडे नकोत अशी भीती पुढाऱ्यांच्या मनात बसली. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात मराठी-गुजराती मिळून एक राज्य आणि विदर्भ निराळा, अशी शिफारस होती. ती कोणालाच पटली नाही. मग मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा बेत निघाला. त्यावरून १९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत मुंबईत लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. त्या आंदोलनात शंभरावर माणसे प्राणाला मुकली. चिंतामणराव देशमुखांनी या प्रश्नावर केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडले. शेवटी ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने विशाल द्वैभाषिकाचा तोडगा काढला. तेव्हा अहमदाबादेत भडका उडाला आणि तिथेही गोळीबारात तरुण मुले गेली.

मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. अहमदाबादेत गेलेली मुले आणि मुंबईत गेलेली माणसे एकमेकांविरुद्ध लढत नव्हती. दोघांनाही आपापले वेगळे राज्य हवे होते. इकडे संयुक्त महाराष्ट्र समिती होती, तिकडे इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद होती.

आता वादातले म्हणणे काय होते? एकत्र राहावे म्हणणारे सांगत, "मोठे राज्य म्हणजे मोठा खजिना. जळगाव-अमळनेरचा कापूस मुंबईलाही जातो आणि सुरत-अहमदाबादच्या गिरण्यांनाही जातो. तापी इकडून वाहत तिकडे जाते. एका सरकारखाली बाजार आणि पाणी यांचा निकाल लवकर लागेल. मुंबई सगळ्यांच्या पैशाने आणि घामाने वाढली, ती एकाची कशी?" वेगळे व्हावे म्हणणारे सांगत, "कचेरीत शेतकऱ्याचा अर्ज त्याच्या भाषेत वाचला गेला पाहिजे. कोर्टाचा निकाल त्याला समजला पाहिजे. शाळेतल्या पोराला राज्यकारभार परका वाटता कामा नये. मोठा खजिना असून आपला आवाज विधानसभेत बुडणार असेल तर तो काय कामाचा?"

दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. एक बाजू पोटाचे सांगत होती, दुसरी मानाचे. पण पोट आणि मान यांना एकाच तागडीत घालता येत नाही, आणि म्हणूनच असली भांडणे आकड्यांनी मिटत नाहीत.

शिवाय 'वेगळे व्हा' म्हणणाऱ्यांतही सारे एका मनाचे नव्हते. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांना निराळा विदर्भ हवा होता. डॉ. आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिले. एका राज्याची भाषा एक असावी हे त्यांना मान्य होते. एका भाषेचे राज्य एकच असावे हे मान्य नव्हते. मराठी मुलखाची चार राज्ये करावीत अशी त्यांची सूचना होती.

या प्रश्नावर लोकांचे थेट मत घेतले गेले नाही. तरी १९५७ ची निवडणूक आली आणि लोकांनी तिच्यातूनच बोलून दाखवले. खानदेशातही द्वैभाषिकाविरुद्धचे उमेदवार निवडून आले. धुळ्याहून उत्तमराव पाटील लोकसभेत गेले. पूर्व खानदेशातून नौशेर भरुचा गेले. भरुचा हे पारशी गृहस्थ! मराठी राज्याच्या मागणीसाठी जळगावकडच्या शेतकऱ्याने पारशी माणसाला मत दिले. भांडण माणसांच्या जातीकुळीचे नव्हते, कारभाराच्या सोयीचे आणि सन्मानाचे होते, याचा याहून चांगला दाखला गुरुजींना वर्गात सांगायला मिळायचा नाही.

अखेर दिल्लीचे मन वळले. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना विभाजनाच्या बाजूने पावले पडली, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. द्वैभाषिक ज्यांनी निष्ठेने राबवले, ते यशवंतरावच नव्या महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.

पहिला प्रश्न सुटला. आता दुसरा, अटींचा. मुंबई महाराष्ट्राकडे राहिली, म्हणजे दुभती गाय एका भावाकडे गेली. म्हणून गुजरातची सुरुवातीच्या वर्षांतली तूट भरून काढण्यासाठी आणि नव्या राजधानीसाठी महाराष्ट्राने पैसे द्यावेत असे ठरले. गुजरातला स्वतःचे उच्च न्यायालय मिळाले. एस. टी. महामंडळाच्या गाड्यांची आणि नोकरांची वाटणी झाली. कर्जे, येणी, फायली, साऱ्यांचे हिशेब झाले. या गोष्टींवर मोर्चे निघाले नव्हते. पण राज्य चालते ते याच गोष्टींवर.

आणि तिसरा प्रश्न, सांध्यावरच्या माणसांचा. डांग जिल्हा गुजरातेत गेला. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली काही गावे गेली. आपल्या पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवे या तालुक्यांतली मिळून दीडशेच्या वर गावे तिकडे गेली. त्यांत उकाई धरणाचे पाणी जिथे पसरणार होते, त्या बाजूचा मुलूख होता. तिथले बहुतेक लोक भिल्ल, मावची, कोकणा. त्यांची बोली पुस्तकी मराठीही नाही आणि पुस्तकी गुजरातीही नाही. मुंबई-अहमदाबादेत भाषेवरून रण माजले, आणि ज्यांची भाषा दोन्ही पक्षांच्या वहीत नव्हती त्यांचे गाव रेघेच्या या किंवा त्या बाजूला गेले.

आजही जळगावहून सुरतेच्या गाडीत बसा. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत नवापूर येते. त्या स्टेशनातूनच दोन राज्यांची शीव जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत, आणि एका बाकड्याचे अर्धे अंग इकडे, अर्धे तिकडे! प्रवाशाला त्याची गंमत वाटते, कारण तिथे त्याला कोणी अडवत नाही. आपल्या घटनेने देशभर व्यापार मोकळा ठेवला आहे. नाणे एक, पासपोर्ट लागत नाही. दोन भावांनी चुली वेगळ्या केल्या, पण वाडा आणि दिंडीदरवाजा एकच राहिला.

तरी रेघ ती रेघच. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा आणि राज्याबाहेर न्यायचा नाही, असा कायदा होता. व्यापाऱ्याच्या लुबाडणुकीतून शेतकरी सुटावा हा त्यामागचा हेतू. पण ज्या वर्षी गुजरातेत भाव चढा असे, त्या वर्षी खानदेशातल्या कापसाच्या गाड्या रात्रीच्या आडवाटेने शीव ओलांडू लागल्या. काल एका राज्यातली बाजारपेठ, आज तिथे माल नेला तर गुन्हा! पुढे ती योजना मागे पडली. पण एका घरातल्या वाटणीतही बाजार कसा तुटू शकतो, हे खानदेशाला कळून चुकले.

आता जरा लांब पाहू. ब्रिटन १९७३ पासून युरोपातल्या देशांच्या व्यापारी संघटनेत होते. तिचाच पुढे युरोपीय संघ झाला. २३ जून २०१६ रोजी तिथल्या लोकांना सरळ विचारले, राहायचे की निघायचे? 'निघा' म्हणणारे सुमारे १ कोटी ७४ लाख, 'राहा' म्हणणारे सुमारे १ कोटी ६१ लाख. शंभरात ५२ विरुद्ध ४८. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी राहण्याचा कौल दिला होता. तरी त्यांनाही निघावे लागले. तिथेही एक बाजू बाजाराचे सांगत होती, दुसरी आपला कायदा आपण करू म्हणत होती. घराघरांत बाप आणि लेक यांच्यात तेढ आली. मतदानाच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या खासदार बाईंचा खून झाला.

मतपत्रिकेवर पहिला प्रश्न होता, पण दुसरा नव्हता. कोणत्या अटींवर निघायचे, हे कोणी ठरवलेलेच नव्हते. त्यामुळे साडेतीन वर्षे भांडण चालले, दोन पंतप्रधान पायउतार झाले, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी देश बाहेर पडला. इथे वाडाच वेगळा झाला होता. मालाला कागद आले, तपासणी आली. आणि आयर्लंडच्या शिवेवर, जिथे मोठ्या कष्टाने शांतता नांदू लागली होती, तिथे नाका कुठे उभारायचा यावर सारे अडून बसले. तिसरा प्रश्न शेवटी सगळ्यात जड निघाला.

थेट मत घेणे वाईट, असे मात्र समजू नका. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात कौल घेतला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे? वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. हरलेल्यांना वाईट वाटले, पण निकाल सर्वांनी मानला. तिथे दोन्ही वाटा बऱ्याच स्पष्ट होत्या. मग मत घ्यावे की घेऊ नये हा मुद्दा नव्हे. मत देणाऱ्यासमोर पुढची वाट मांडली आहे का, हा मुद्दा आहे.

गुरुजनहो, वर्गात एक करून पाहा. फळ्यावर जळगाव ते सुरत रेल्वेची रेघ काढा आणि नवापुराशी शीव काढा. वर्गाचे दोन भाग पाडा. प्रत्येकाने आपली नव्हे, समोरच्याची बाजू आधी मांडायची, ती अशी की समोरच्याने म्हणावे, "हो, मला हेच म्हणायचे होते." नंतर एका मुलाला शिवेवरच्या गावचा रहिवासी करा आणि त्याला शेवटी बोलू द्या. तो बोलल्याशिवाय तास संपवू नका.

आषाढीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा दोराला शेकडो हात लागतात आणि जयघोषाने कान भरतात. पण चाकाशी वाकून मोगरी लावणारे थोडेच असतात. रथ वळवायचा, उतारावर आवरायचा, तर तो त्यांच्याच हातांनी. लोकांचा जोर दोराला हवाच. त्यावाचून रथ जागचा हलायचा नाही. तुमच्या गावात वाटणीचा प्रश्न येईल, मग तो ग्रामपंचायतीचा असो, दूध सोसायटीचा असो की पाण्याच्या पाळीचा. त्या वेळी दोर जरूर ओढा. मात्र आधी एकदा वाकून पाहा, चाकाशी मोगरी घेऊन कोणी बसले आहे की नाही, आणि चाकाच्या वाटेत कोणाचे घर आहे.