कारखाना मोडून नोकरीकडे

चंद्रपुरांतील एखाद्या कारागिरानें मोटारी बदलून देण्याचा लहान कारखाना मोडून ताडाळीच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी धरली, कीं लोक 'बुडाला' म्हणतात. हा न्याय मला कठोर वाटतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं न जुळणाऱ्या फेरफारास मनाई करतें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच सांगितलें. मग जीपगाडीचा सांगाडा बदलावयास गिऱ्हाईक येणार कोठून? नुसत्या रंगकामावर भाडेंही निघणें कठीण.

नोकरी धरतांना मात्र जुना भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक नव्या मालकास द्यावा. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेंत हक्कास १० वर्षांची नोकरी लागते. मधलीं धंद्याचीं वर्षें त्यांत धरीत नाहींत. परंतु पूर्वीची निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेतली नसेल, तर आधींचीं ६ व नंतरचीं ४ मिळून १० भरतात.